पांढरीतल्या बांगड्या

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ती पांढरी का, तर चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि घरोघरचा केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात मुरलेला असतो. हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आपलं स्वतःचं घरही अशाच कचऱ्यावर उभं आहे, हे उमगायला साठी उलटावी लागली.

झालं असं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शहाद्याच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात राहायला आलो. गेल्या उन्हाळ्यात परसात शोषखड्डा खणायला काढला. दोन फूट खणल्यावर गडी कुदळ टेकून म्हणाला, "दादा, आठे ते बठ्ठा कचराच शे."

मी म्हटलं, "असू दे. बाहेर टाक." तेवढ्यात सुटीला आलेली माझी नात धावत आली. तिने चित्रकलेची इंटरमीजिएट नुकतीच दिलेली. "आजोबा, काही टाकायचं नाही!" असा हुकूम झाला आणि ओसरीवर जुनी गोणपाटं अंथरली गेली.

वरच्या हातभर मातीत सगळं प्लॅस्टिक. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याचे कागद, दुधाच्या पिशव्या. त्याखाली बॅटरीचे गंजलेले सेल. ते मात्र मी तिला हाताळू दिले नाहीत. त्याखाली कंदिलाच्या काचेचे तुकडे, शाईची दौत, गोटीसोड्याच्या बाटलीची मान, कानतुटके कप. आणि तळाला नुसती राख आणि खापरं. मोडकं लोखंड, तांबं-पितळ, चिंध्या यांतलं काही नव्हतं. ते भंगारवाल्याकडे किंवा बोहारणीकडे जायचं. जमिनीत जायचं ते ज्याची किंमत कोणीच देत नाही ते.

शहाद्याजवळच प्रकाशे आहे. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणून भाविकांची गर्दी. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या बा. कृ. थापरांनी उत्खनन केलं. सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण युगातल्या माणसांची वस्ती निघाली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. ती ओळखली कशावरून, तर त्यांनी फोडून टाकलेल्या रंगीत मडक्यांच्या खापरांवरून. म्हणजे नंदुरबार जिल्हा कागदावर १ जुलै १९९८ चा असला, तरी त्याचा जुना दाखला उकिरड्यातच सापडतो. पुरातत्त्वाचा पहिला धडा इतकाच, की खालचं ते जुनं, वरचं ते नवं. फक्त मध्येच कोणी खड्डा करून काही पुरलं असेल, तर हिशेब चुकतो.

कचऱ्यातून कला काढणारी आमची नात काही पहिली नव्हे. चंदीगडचे नेकचंद सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवरचे निरीक्षक होते. नवं शहर वसवताना उठवलेल्या गावांचा ढिगारा ते सायकलवरून वाहून नेत आणि रानात चोरून बाग रचत. सरकारला पत्ता लागेपर्यंत वर्षं उलटली होती. १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. तिथल्या कित्येक बाहुल्यांच्या अंगावरचे कपडे फुटक्या बांगड्यांचे आहेत. जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार तिकिटं, चिठोऱ्या, लाकडाच्या ढलप्या चिकटवून चित्रं करी. आपल्या कलेला त्याने 'मेर्झ' हे नाव दिलं, ते एका बँकेच्या जाहिरातीच्या कपट्यावरून! आम्ही बँकवाले बुडीत कर्ज एकदा खात्यातून वजा केलं, की पुन्हा त्याच्याकडे प्रेमाने बघत नाही. ही माणसं बुडीतातूनच भांडवल उभं करतात.

तिसऱ्या दिवशी खड्ड्याच्या कडेला डालडाचा डबा लागला. हात लावताच पत्र्याचा भुगा झाला. आत बांगड्यांचे तुकडे होते, हिरवे आणि काही जाड, तांबूस. नात नाचू लागली. माझे मात्र पाय लटपटले.

१९७१ साली वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आजीने आईचे हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या, ते मी दाराआडून पाहिलं होतं. आजीशी नंतर मी कधी धड बोललो नाही. ती गेली तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही.

नातीला मी म्हटलं, "हे तुकडे नकोत, बेटा." तिने कारण विचारलं. मला सांगता येईना. ती डब्यातलं सगळं धुऊन, ताटात घेऊन सरळ आईपुढे जाऊन बसली. आई आता सत्त्याऐंशीची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर अजून चांगली आहे. तिने एकेक तुकडा निवडून दोन ढीग केले.

"ह्या हिरव्या माझ्या," ती म्हणाली. "अन् ह्या जाड्या सासूबाईंच्या. त्यांनी जपून ठेवल्या होत्या. माझ्या फुटल्या त्या रात्री दोन्ही एकत्र करून त्यांनीच पुरल्या. मी कंदील धरला होता. फार रडल्या त्या."

चोपन्न वर्षं मी या खात्यात एकच बाजू लिहिली होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. ती बातमी आईला मीच वाचून दाखवली होती. तेव्हा ती फक्त "बरं झालं" म्हणाली होती.

नातीने प्लायवूडच्या फळीवर पांढऱ्या सिमेंटचा थर देऊन आमच्या परसाचा उभा छेद केला. काचांच्या धारा मी पॉलिश पेपरने घासून दिल्या. तळाशी राख आणि खापरं, मग कपांचे तुकडे, मग कंदिलाची काच, अगदी वर प्लॅस्टिकच्या पुड्या. बांगड्यांसाठी तिने मधली पट्टी मोकळी ठेवली होती; डबा त्या खोलीवर निघाला होता ना.

आई काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली.

"मध्ये कशाला? वर लाव."

"पण मोठी आजी, मग थर चुकतील!"

"चुकू देत," आई म्हणाली.

फळी आता ओसरीवर आहे. पुड्यांच्याही वर हिरव्या आणि तांबूस तुकड्यांची एक ओळ आहे, दोघींची मिसळून लावलेली. सकाळचं ऊन प्रथम तिथेच पडतं.