‘वा!’ म्हणायला कुणीतरी हवं

आमच्या चिरंजीवांनी पैसे साठवून बर्डीवरून महागडा हेडफोन आणला. आता एकच ध्यास, आवाज अगदी ‘परफेक्ट’ हवा. मी जेवायला हाका मारून दमते, साहेबांना पत्ताच नसतो!

परवा त्यानं तो हौसेनं आजीच्या कानांवर चढवला. गाणं ‘गीतरामायणा’तलं. सासूबाई म्हणाल्या, “आवाज छानच रे, पण ‘वा!’ म्हणायला शेजारी कुणी नको का?”

त्यांचं माहेर पुण्याचं. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गदिमा-बाबूजींचं गीतरामायण सुरू झालं. वर्षभरात ५६ गीतं. वाड्यात एकच रेडिओ, तोही खरखरणारा. पण त्याला हार घालून अख्खा वाडा ऐकायला बसायचा.

शिवाय कानांचंही बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा. ९० डेसिबल असेल, तर फक्त ४ तास.

शेवटी आमचा तह झाला. रात्रीच्या जेवणानंतर हेडफोन खुंटीला, गाणं स्पीकरवर. मधेच कुकरची शिट्टी होते, चिरंजीवांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण उठून मात्र जात नाही हं!