विमान ओझरचे, इंजिन परक्याचे

भारतीय हवाई दलाचा इतिहास सांगायला बसले की खरेदीची यादी सुरू होते. १९३३ची वापिटी, १९४८ची व्हॅम्पायर, मग तुफानी, हंटर, नॅट, मिग, जग्वार, मिराज, सुखोई, राफाल. तिजोरीत पैसा कधी होता आणि कोणत्या राजधानीशी सूत जमले होते, एवढे या यादीवरून कळते. कुवत जोखायची तर त्या विमानांची इंजिने कोणी रचली ते विचारावे. त्या हिशेबात साठ वर्षांत आपण फारसे पुढे सरकलेलो नाही, असे माझे मत आहे.

हाताच्या कसबाची इथे कधीच वाण नव्हती. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर लिबरेटर ही बॉम्बफेकी विमाने टाकून दिलेली होती. पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती कशीबशी उडण्याजोगी केली, बंगळूरला नेली आणि तिथे पुरती दुरुस्त केली. अशी चाळीसहून अधिक विमाने हवाई दलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत राबली. भंगारातून हवाई दल उभे करणाऱ्या या कारागिरांचे पुढे अडले ते इंजिनापाशी. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली घडलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचा आराखडा बेतला होता ऑर्फियस १२ या इंजिनावर. आफ्टरबर्नरसह त्याचा जोर सुमारे ३,७०० किलो. ब्रिटिश कंपनीने विकासखर्चाचा वाटा मागितला, दिल्लीने तो नाकारला. मग २,२०० किलो जोराच्या ऑर्फियस ७०३ वर भागवावे लागले आणि ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी योजलेले विमान ध्वनीच्या वेगाशीच अडखळले. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोगही फसला. १९७१ मध्ये मरुतने राजस्थान आघाडीवर चांगली कामगिरी बजावली, तरी १४७ विमानांवर मालिका थांबली. इतकी महागात पडलेली काटकसर आपल्या संरक्षण व्यवहारात दुसरी सापडणे कठीण.

यावर सांगितले जाते की परवान्याखालील उत्पादनाने ही उणीव भरून काढली. नाशिकजवळ ओझरला मिगचे सांगाडे, कोरापुटला इंजिने, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स अशी विभागणी झाली आणि साडेसहाशेहून अधिक मिग-२१ देशातच तयार झाली. १९६२ चा पराभव ताजा होता, १९६५ दाराशी येऊन ठेपले होते. स्वतःचे इंजिन सिद्ध होईपर्यंत थांबायला सवड नव्हती, हे मान्यच करावे लागते. पण परवान्याच्या नकाशात पात्याची जाडी लिहिलेली असते, ती तेवढीच का हे लिहिलेले नसते. म्हणूनच मिगनंतर त्याच ओझरला सुखोई-३० जुळवायला घेतले, तेव्हाही नकाशे रशियातूनच आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानातही अमेरिकी इंजिनच होते ना? होते, पण व्होल्वोने त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करून ते घरी बनवले. आपल्या तेजसमध्ये त्याच घराण्यातले एफ-४०४ आहे आणि ते तयार होऊन येते. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची मागणी नोंदवली गेली. त्यांच्यासाठीचे पहिले इंजिन पोचायला मार्च २०२५ उजाडला. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाले आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. पुढच्याच महिन्यात ओझरला जुळवलेले पहिले मार्क-१ए उडाले, तेही अमेरिकी इंजिनावर.

१९८९ मध्ये मंजूर झालेल्या कावेरी या स्वदेशी इंजिनाला २००८ मध्ये तेजसपासून वेगळे केले, तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. २०१० मध्ये कावेरीला हवेत चाचणीसाठी मॉस्कोजवळ न्यावे लागले, कारण इंजिन लटकवून उडवायला आपल्याकडे विमानच नव्हते. आता नव्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इंजिन विकसित करण्याची तयारी सुरू आहे. तो करार तपासताना किती टक्के तंत्रज्ञान मिळणार याआधी, चाचणीचे विमान आणि उंचीवरील हवेची परिस्थिती निर्माण करणारे चाचणीकेंद्र देशात उभे राहणार का, हे संसदेने विचारावे.