संस्थानांचे हक्क, पण कोणाच्या हितासाठीं?

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या इतिहासांत ‘संस्थानांचे हक्क’ हे शब्द इतक्या वेळां गर्जून सांगितलेले आढळतात कीं, त्यांचा अर्थ स्वातंत्र्य हाच असावा असें वाचकांस सहज वाटेल. परंतु कायदा जाणणाऱ्यानें प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा हक्क कोणाच्या हितासाठीं?

१८२८ सालीं काँग्रेसनें परदेशी मालावरील जकात अतिशय वाढविली. उत्तरेकडील कारखानदारांस तिनें संरक्षण मिळालें. कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेस मात्र तो माल महाग पडूं लागला. ही तक्रार खोटी नव्हती. व्यापारी वाचकांस तिचें मर्म सांगावयास नको. पण उपाय विलक्षण निघाला. १८२८ व १८३२ चे जकातीचे कायदे आमच्या हद्दींत रद्द, असा ठराव साउथ कॅरोलायनाच्या खास परिषदेनें १८३२ च्या नोव्हेंबरांत केला. म्हणजे वादी तोच आणि न्यायाधीशही तोच! प्रत्येक संस्थान असें करूं लागल्यास संघराज्य उरतें कोठें? अध्यक्ष जॅक्सन यांनीं हें ठणकावून सांगितलें. तथापि २ मार्च १८३३ रोजीं त्यांनीं दोन कायद्यांवर सही केली: एक लष्करी बळानें वसुली करण्याचा, दुसरा १८४२ पर्यंत जकात क्रमानें शेंकडा २० वर उतरविण्याचा. साउथ कॅरोलायनानें जकातीविषयींचा ठराव मागें घेतला. दंडाबरोबर न्यायही दिला, म्हणून तंटा मिटला.

खरी परीक्षा पुढें झाली. पळून आलेल्या गुलामांस धरून देण्याचा कडक कायदा काँग्रेसनें १८५० सालीं केला, तो दक्षिणेच्याच आग्रहानें. १८५४ सालीं विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. १८५९ सालीं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. आतां संस्थानाचा हक्क उत्तर सांगत होती आणि मध्यवर्ती सत्तेचा दंडुका दक्षिणेस हवा होता! १८६० च्या डिसेंबरांत साउथ कॅरोलायना संघराज्यांतून फुटून निघालें, तेव्हां त्याच्या जाहीरनाम्यांतील एक मुख्य तक्रार हीच होती कीं, उत्तरेकडील संस्थानें गुलाम परत करीत नाहींत.

संस्थानांचे हक्क ही जुलुमाविरुद्धची उत्तम ढाल आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण ढाल धरणाऱ्याच्या पाठीमागें बेडी घातलेला मनुष्य उभा आहे कीं काय, एवढें पाहिल्याशिवाय सुज्ञांनीं तिचा जयजयकार करूं नये.