शालेय ग्रंथपालांचा गौरव : निकषांचा प्रश्न

महाराष्ट्र शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या, तर ग्रंथालय कार्यकर्ते व सेवकांना डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. हे पुरस्कार १९६७ च्या अधिनियमाखालील सार्वजनिक ग्रंथालय क्षेत्रापुरते आहेत. शालेय ग्रंथालय त्यांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत मात्र शालेय ग्रंथपालांची राष्ट्रीय संघटना शालेय ग्रंथालयांसाठी स्वतंत्र पुरस्कार देते.

असा पुरस्कार येथे योजावयाचा झाल्यास गुणवत्ता कशी मोजावी, हा मूलभूत प्रश्न होय. ग्रंथसंख्या व इमारत हेच निकष मानल्यास संपन्न शाळाच पुढे राहतील. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली पंचसूत्री ग्रंथांच्या संचयापेक्षा त्यांच्या वापराला व प्रत्येक वाचकाच्या गरजेला महत्त्व देते. या दृष्टीने कपाटांपेक्षा देवघेवीची नोंदवही अधिक बोलकी ठरते.

पालघर तालुक्यातील माहीमचा परिसर या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. किनारपट्टीवर वाडवळी व मांगेली, पूर्वेकडे वारली, तर बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात स्थलांतरित कुटुंबांची हिंदी अशी भाषिक विविधता येथे आढळते. घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा यांतील अंतर ओलांडण्यास मुलाला साहाय्यभूत होईल असे पुस्तक निवडणे, हे ग्रंथपालाचे खरे कौशल्य होय. परंतु ते ग्रंथसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही.

म्हणून वाचक-विद्यार्थ्यांचे प्रमाण, अध्यापनाशी सांगड आणि उपलब्ध साधनांच्या तुलनेतील कार्य हे निकष असावेत. ज्या लहान शाळांत शिक्षकच ग्रंथालय सांभाळतो, त्यांचा गट स्वतंत्र असावा. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याची वाचनसवय शाळेतच घडते. त्यामुळे निकषनिश्चितीत महाविद्यालयीन ग्रंथपाल व अध्यापकांचा सहभाग आवश्यक ठरतो.