न दिसणाऱ्या श्वासाची प्रतिमा

परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. आपल्या समाजातील अनेकांचे आयुष्य सूतकताईच्या खात्यात, कापसाच्या धुळीत गेले. या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर सोमवारी कामावर परतताच छाती आवळणे, ही त्याची पहिली खूण होय. परंतु क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष दिसते. मग कामगाराचा शब्द एवढाच पुरावा उरतो.

एमआरआय यंत्रही येथे अपुरे पडते. ते प्रामुख्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत घेते. फुप्फुसांत मात्र हवा अधिक, म्हणून तेथे काळोख दिसतो. यावर शास्त्रज्ञांनी झेनॉन-129 या वायूचा उपाय शोधला. त्याची अणुकेंद्रे एरवी जवळजवळ निम्मी एका दिशेस व निम्मी विरुद्ध दिशेस असतात आणि परस्परांचा संकेत पुसतात. लेसर व रुबिडियमच्या वाफेच्या साहाय्याने त्यांतील मोठा भाग एकाच दिशेस वळवला, की संकेत हजारो पटींनी वाढतो. रुग्ण हा वायू घेऊन काही सेकंद श्वास रोखतो. वायू पोहोचेल तो भाग उजळतो, वाट अडलेला भाग काळा राहतो. 1994 मध्ये उंदराच्या फुप्फुसांच्या अशा प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वायूस मान्यता दिली.

प्रतिमा सुस्पष्ट करणे हे खरे कठीण काम. ही वाढवलेली शक्ती रांजणातील पाण्यासारखी आहे. उपसली की पुन्हा भरत नाही. प्रत्येक रेडिओ स्पंदन ती खर्च करते, प्राणवायूही ती क्षीण करतो. म्हणून आरंभीची स्पंदने सौम्य ठेवून पुढे क्रमाने वाढवतात. त्यामुळे अखेरपर्यंत संकेत सारखा मिळतो. नैसर्गिक झेनॉनमध्ये 129 हा प्रकार सुमारे 26 टक्केच असतो. त्याचे प्रमाण वाढवल्यास आणि त्याच्या कंपनसंख्येस जुळणारी कॉइल छातीभोवती लावल्यास प्रतिमा आणखी उजळते.

तथापि हवा कोठे अडली एवढेच ही प्रतिमा सांगते. ती कोणत्या धुळीने अडवली, हे सांगत नाही. त्यासाठी कामाचा इतिहास विचारावाच लागतो. गिरण्या मिटल्या, पण विदर्भातील जिनिंगमध्ये आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर धूळ आजही उडते. तेथील श्रमिकाच्या शब्दाला यंत्राची साक्ष मिळावी. यंत्र नसेल तेथेही त्याचा शब्द खोटा ठरू नये.