‘रेफर’ची चिठ्ठी घरी गेल्यावर

नवजात बाळाची श्रवणचाचणी पाच-दहा मिनिटांत उरकते. बाळ झोपेत असताना त्याच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी बसवतात. यंत्र बारीक टकटक आवाज सोडतं आणि निरोगी अंतःकर्णातून परत येणारा अतिशय क्षीण आवाज टिपतं. कान असा आवाज परत देतो हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं, आणि त्यावर बेतलेली यंत्रं पुढं प्रसूतिगृहांत पोचली. या चाचणीला ‘ओएई’ म्हणतात. पडद्यावर निकाल उमटतो तो ‘पास’ किंवा ‘रेफर’. आपल्याकडे या विषयाची सगळी चर्चा यंत्राभोवतीच फिरते: किती रुग्णालयांत बसवलं, केवढ्याला घेतलं, किती बाळं तपासली. पण बहिरेपणामुळं मुलाचं जे नुकसान होतं ते चाचणी झाली म्हणून टळत नाही. ‘रेफर’ची चिठ्ठी घेऊन बाळंतीण घरी गेल्यावर पुढचे सहा महिने तिच्या पाठीशी कोण उभं राहतं, यावर ते ठरतं. राधानगरीसारख्या डोंगरी तालुक्यात हे काम यंत्र मिळवण्याहून किचकट आहे. तरीही ते आवाक्यातलं आहे, आणि कसं ते आकडेच सांगतात.

जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजार बाळांत एक ते तीन बाळांना असतो. २०११ च्या जनगणनेत राधानगरी तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षाला तीन हजारांच्या आतबाहेर बाळं होतात, म्हणजे कायमचा दोष असलेली तीन ते नऊ. पहिल्या चाचणीत मात्र ‘रेफर’ येणारी बाळं याच्या कितीतरी पट असतात, कारण पहिल्या दिवसा-दोन दिवसांत कानाच्या नळीत पाणी आणि चिकट पांढरा थर साचलेला असतो. हे प्रमाण शंभरी पाच धरलं तरी दीडशे घरांत चिठ्ठी जाणार, आणि त्यांतल्या एकशे चाळीसहून अधिक बाळांचे कान ठणठणीत निघणार. या दोन प्रकारच्या घरांची गरज वेगळी आहे. बहुतेकांना दुसरी चाचणी लवकर होऊन जिवाचा घोर जायला हवा. मोजक्यांना पुढची काही वर्षं सोबत हवी. पण दोघांनाही आधी दुसऱ्या चाचणीपर्यंत आणावं लागतं, आणि गळती होते ती नेमकी इथं. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही २००५ च्या सुमारास पहिल्या चाचणीत अडकलेल्या बाळांपैकी जवळपास दोन-तृतीयांश बाळांचं पुढं काय झालं याची नोंद सापडत नव्हती. तिथं यंत्रं भरपूर होती, नियम होते, घरोघरी फोन होते. पाठपुरावा करणारी व्यवस्था उभी केल्यावरच ही गळती कमी होत गेली.

आपल्याकडे गळतीच्या वाटा आणखी आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगी सरवड्याची, दिलेली भुदरगड तालुक्यात, प्रसूती कोल्हापुरात, आणि पुढचे तीन महिने मुक्काम आईकडे. म्हणजे चाचणीची नोंद एका ठिकाणी, पहिल्या सव्वा महिन्यात घरी येणारी आशाताई दुसऱ्या गावची, आणि बाळ सासरी पोचेल तेव्हा तिथल्या आशाताईला चिठ्ठीचा पत्ताच नाही. बाळाची श्रवणशक्ती नक्की करणारी ‘बेरा’ ही तपासणी तीन महिन्यांच्या आत व्हावी असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि बाळ माहेराहून सासरी जातं तेही याच सुमाराला. बेरासाठी कोल्हापूर गाठायचं तर राधानगरीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. वाडीवरून निघालं तर त्याहून जास्त. ही तपासणी बाळ गाढ झोपेत असतानाच होते. होतं असं की एसटीच्या हेलकाव्यांत बाळ झोपून जातं आणि दवाखान्यात पोचताच टक्क जागं होतं. मग पुन्हा या, अशी तारीख मिळते. दुसऱ्यांदा घरातल्या दोघांची मजुरी बुडवून यायचं, तेही भर पावसाळ्यात, तर त्यासाठी मनाची पक्की खात्री लागते. ती खात्री घरात नसते, कारण बाळ दिसायला अगदी चांगलं असतं. पहिले काही महिने बहिरं बाळही इतर बाळांसारखंच हुंकार देतं, हसतं. आजी पाठीमागून ताट वाजवते आणि बाळ दचकतं. ते आवाजानं दचकलं की जमिनीच्या कंपनानं, की हललेल्या सावलीनं, हे घरात कळायला मार्ग नाही. वर दाखला तयारच असतो, ‘ह्याचा बाप बी चार वर्सांनी बोलाय लागला.’ बारशाच्या आगेमागे सोनाराला बोलावून कान टोचण्यात मात्र कुणी हयगय करत नाही.

लवकर निदान झालं तर फरक पडतो याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचा आहे. क्रिस्तीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये दीडशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७२ मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, ७८ मुलांचा नंतर. बुद्धीची वाढ नेहमीसारखी असलेल्या मुलांत, आधी कळलेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. दोष सौम्य असो वा तीव्र, घर गरीब असो वा सुखवस्तू. यंत्रांच्या मागणीसाठी हा अभ्यास जगभर पुढे केला जातो, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या राज्यात निदानानंतर घरी येऊन आईवडिलांना शिकवणारा कार्यक्रम आधीपासून चालू होता आणि मुलं थोड्याच काळात त्यात दाखल होत होती. म्हणजे तो यंत्राचा एकट्याचा पुरावा नाही. यंत्र आणि गृहभेटी या जोडीचा आहे. दोन वर्षांनी, २००० मध्ये, नेब्रास्कातल्या मेरी पॅट मोलर यांनी ११२ मुलांची पाचव्या वर्षीची भाषा तपासली. कार्यक्रमात लवकर येण्याचा फायदा त्यांनाही दिसला, परंतु सर्वांत जास्त फरक पाडणारा घटक निघाला तो घरच्यांचा सहभाग. आपल्या देशातल्या जुन्याजाणत्या संस्था हेच वेगळ्या वाटेनं शिकल्या आहेत. चेन्नईची बालविद्यालय ही १९६९ साली सुरू झालेली शाळा अगदी तान्ह्या बाळांपासून काम करते आणि आईला सोबत बसवूनच शिकवते. म्हैसूरला पालकांनीच पुढाकार घेऊन चालवलेल्या केंद्रात मुलाबरोबर आईलाही शिकायला यावं लागतं. यामागचं कारण सरळ आहे. श्रवणतज्ज्ञ बाळाला आठवड्यातून तासभर भेटेल. दिवसभर त्याच्याशी बोलायला घरचीच माणसं असतात. आणि कर्णबधिर मुलांपैकी दहातल्या नऊंहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. असं मूल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असतं, त्यामुळं त्यांना सगळंच नव्यानं शिकावं लागतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आज देशभर आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ तिथं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही देशात पहिल्यांदा सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये. त्याच्या यादीतल्या जन्मजात दोषांत बहिरेपण आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पण फाटलेला ओठ किंवा वाकडं पाऊल आशाताईला डोळ्यांनी दिसतं. बहिरेपण दिसत नाही. या कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तिथं मूल सापडलं तरी तोवर भाषेची पहिली दोन वर्षं हातची निसटून गेलेली असण्याची भीती असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आधी प्रत्येक रुग्णालयात यंत्र तरी येऊ द्या, पाठपुराव्याचं नंतर बघू. हा क्रम चुकीचा आहे. चाळणी चाचणी कधी करावी याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ मध्येच विल्सन आणि युंगनर यांच्या पुस्तिकेतून मांडले. त्यांतला एक असा, की निदान आणि उपचारांची सोय उपलब्ध असली पाहिजे. पुढची वाट बांधलेली नसताना दीडशे घरांत चिठ्ठ्या वाटणं म्हणजे घोर वाटणं. शिवाय प्रत्येक ठिकाणी यंत्र लागतंच असं नाही. केरळमध्ये डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकारानं कोचीच्या परिसरात २००३ पासून जी पद्धत रुळली, तिच्यात यंत्र आणि प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या वारी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरतात. राधानगरी, भुदरगड आणि कागल मिळून अशी एक फेरी सहज बसू शकते. चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेनं तर पुढची बेरासारखी तपासणीही गाडीतून खेड्यात नेऊन, दूर बसलेल्या श्रवणतज्ज्ञाकडून इंटरनेटवरून करून दाखवली आहे.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे: ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवायचं? आईवर ताण येतो हे खरंच. पण हा ताण सांगण्याच्या पद्धतीमुळं बराच वाढतो किंवा कमी होतो. घाईघाईत कागद हातात कोंबून ‘कोल्हापूरला दाखवा’ म्हणणं वेगळं. आणि ‘पहिल्या दिवसांत कानात पाणी असल्यानं बऱ्याच बाळांचं असं येतं, बहुतेकांचं पुढच्या वेळी नीट निघतं, पण पुढची तपासणी चुकवायची नाही, ही तारीख’ असं नवरा आणि सासू दोघांना समोर बसवून सांगणं वेगळं. सासूचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दवाखान्याला जायचं की नाही हे अनेक घरांत तीच ठरवते. आणि निदान पक्कं झालं तर दोषाचं बोट सुनेकडे वळायला वेळ लागत नाही, ‘तुझ्या माहेरात कोण बहिरं होतं?’ इथं समुपदेशन म्हणजे नुसता धीर देणं पुरत नाही, माहिती द्यावी लागते. जन्मजात बहिरेपणाचं एक मोठं कारण अप्रभावी जनुक आहे. ते आई आणि बाप या दोघांकडून आलं तरच दोष उतरतो, आणि दोघेही स्वतः व्यवस्थित ऐकू येणारे असू शकतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारांत एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या दक्षिण महाराष्ट्रात ही शक्यता अधिक घरांत येते. कमी वजन, जन्मतः गुदमरणं, तीव्र कावीळ, गरोदरपणातला रुबेला ही कारणंही आहेत, आणि त्यांत तर कुणाच्या माहेराचा काडीचा संबंध नाही.

आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून त्यांच्याकडे चाचणी देऊ नये. माता व बाल संरक्षण कार्डावर, जे माहेराहून सासरी बाळाबरोबर जातंच, ‘श्रवणचाचणी’चा ठळक शिक्का असावा. दीड महिन्याच्या लसीला बाळ येईल तेव्हा परिचारिकेनं तो शिक्का बघावा आणि त्याच दिवशी दुसरी चाचणी व्हावी. लसीचा दिवस घरं सहसा चुकवत नाहीत. ऊसतोडीला परिते किंवा बिद्रीच्या फडात आलेल्या कुटुंबांनाही कार्डावरची नोंद उपयोगी पडेल, कारण हंगाम संपला की ती दुसऱ्या जिल्ह्यात परततात. वर्षाकाठी उरणाऱ्या त्या एक आकडी घरांसाठी मात्र तालुक्यात नाव-फोनसह एकच माणूस नेमलेला हवा, ज्याला ती सगळी घरं पाठ असतील. बेराच्या दिवशी बाळाला एसटीत जागं ठेवा आणि दवाखान्यात पोचल्यावर दूध पाजा, हे त्यानं सांगायचं. श्रवणयंत्राचा कानातला साचा बाळ वाढतं तसा काही महिन्यांत सैल होतो, तो बदलायची आठवण त्यानं करायची. दाजीपूरकडच्या आषाढ-श्रावणात दमटपणानं यंत्र बंद पडतं. ते रात्री ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट डबीत ठेवायला त्यानं शिकवायचं. यंत्र कपाटात पडून राहण्याची कारणं बहुधा अशीच बारीक असतात.

कॉक्लियर इम्प्लांट की खुणांची भाषा, हा वाद या घरांपर्यंत लवकरच पोचतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी इम्प्लांटला केंद्राच्या योजनेतून मदत मिळते आणि मुंबईची अली यावर जंग संस्था त्यात मध्यवर्ती आहे. त्याची माहिती घराला वेळेत मिळाली पाहिजे. पण शस्त्रक्रियेची वाट बघत वर्षभर मुलाशी काहीच न बोलणं ही सर्वांत महागडी चूक. खुणा केल्यानं बोलणं खुंटतं याला भक्कम पुरावा नाही. मूल कुठल्या वाटेनं पुढं जाईल हे काळ ठरवील. तोवर चेहरा समोर ठेवून, हातवारे करून, त्याला सगळं सांगत राहायचं. मोठ्या झालेल्या कर्णबधिर माणसांची अशा घरांशी गाठ घालून दिली, तर आईवडिलांची भीती कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर ओसरेल.

राधानगरी तालुक्यात ज्यांच्या घरी सध्या तान्हं बाळ आहे त्यांनी, माहेर असो वा सासर, एवढं करावं: श्रवणचाचणी झाली का ते दवाखान्यात विचारावं, ‘रेफर’ असेल तर पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नये, आणि तीन महिन्यांच्या आत बेरा करून घ्यावी. आरोग्य खात्यानं नेमायचा तो एक माणूस अजून नेमायचा राहिला असेल, तर त्याची मागणी ग्रामसभेत लेखी करावी.