फ्रँकला भाव, स्वित्झर्लंडला ताप

चलन वधारलं की देशाची मान उंचावली, असं आपण धरून चालतो. स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँक मात्र पन्नास वर्षं उलट्याच काळजीत आहे. १९७० साली एका डॉलरला चार फ्रँकहून जास्त मोजावे लागत; आज पुरता एकही लागत नाही. जगात कुठे युद्ध पेटलं किंवा बँक बुडाली, की पैसेवाले झुरिककडे धावतात. पण देश जेमतेम नव्वद लाख वस्तीचा. धरणाचं पाणी हौदात सोडावं, तशी गत होते. १९७८ साली परदेशी ठेवींवर तिमाहीला १० टक्के आकारले जात. व्याज नव्हे, दंड! तरी लोंढा हटेना. अखेर बँकेने भरमसाट फ्रँक काढून परकीय चलन विकत घेतलं. फ्रँक उतरला, पण काही वर्षांत महागाई चढली.

पुढे ६ सप्टेंबर २०११ रोजी बँकेने जाहीर केलं, की युरोचा भाव १.२० फ्रँकखाली जाऊ देणार नाही. १५ जानेवारी २०१५ ला हा बांध तिने अचानक सोडला आणि काही मिनिटांत फ्रँक जवळपास ३० टक्क्यांनी उसळला. पोलंडमध्ये कमी व्याजाच्या मोहाने फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्यांचा पगार झ्लॉटीत होता आणि हप्ता फ्रँकमध्ये. हंगेरीने अशी कर्जं काही महिने आधीच स्वतःच्या चलनात वळवायचं ठरवलं होतं, म्हणून तिथली घरं वाचली.

यावर कोणी म्हणेल, महाग फ्रँकमुळे आयात स्वस्त होते, हा फायदाच नाही का? आहे. २०२२ मध्ये युरो क्षेत्रातली महागाई १० टक्क्यांपलीकडे गेली, स्विस महागाई साडेतीनवर थांबली. औषधं, उंची घड्याळं तर महाग असूनही खपतात. पण डोंगरातल्या हॉटेलमालकाला ती सोय नाही. त्याचा खर्च फ्रँकमध्ये आणि गिऱ्हाईक युरोवालं. शिवाय फ्रँक आवरण्यासाठी घेतलेल्या परकीय रोख्यांनी आणि समभागांनी त्याच वर्षी मध्यवर्ती बँकेला १३२ अब्ज फ्रँकच्या तोट्यात ढकललं.

मग डॉलरला हे का बाधत नाही? अमेरिका जगाची मोठी कर्जदार आहे, म्हणून. आलेला पैसा तिच्या सरकारी रोख्यांत सहज मुरतो. स्वित्झर्लंडचं सरकार कर्ज जपून काढतं. त्यामुळे विश्वास मिळतो, पण तो विश्वास ठेवायला रोखेच पुरत नाहीत. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत फ्रँकचा वाटा म्हणूनच एक टक्काही नाही.